राजेसाहेबांचा हात घेऊन तेरखेड्याला

धाराशिव

आमचा जिल्हा बघायला कुणी हौसेनं येत नाही. येतात ते कोर्टाच्या तारखेला, नाहीतर बदलीवर, आणि दोघंही तोंड पाडून उतरतात. मी मात्र हसत उतरलो. परंड्यापासून यष्टीनं माझी हाडं अशी खुळखुळवली होती, की उतरल्यावर मी माझे हातपाय मोजून घेतले. गावाचं नाव कागदावर उस्मानाबाद, तोंडात धाराशिव. कंडक्टर एक नाव मोठ्यानं ओरडतो आणि दुसरं हळूच पुटपुटतो. गाडीत कोण बसलंय, कोण रागवंल, काय सांगावं?

मी गेलो होतो नाटक बघायला. माझा धंदा नकलांचा. शाळेत गुरुजींच्या नकला करून मार खाल्ला, आता त्याच नकला करून भाकर खातो, एवढीच प्रगती. जत्रेत उभं करा, लग्नात करा. तहसीलदार, यष्टीचा ड्रायव्हर, मतं मागणारा पुढारी, एका दमात काढून दाखवतो. पण खरं पोट चालायचं ते राजेसाहेबांवर.

राजेसाहेब म्हणजे कुणी संस्थानिक नव्हेत. खरे राजे गेले, निजामाचंही राज्य गेलं. हे नाटकातले. जन्मभर राजाचीच कामं केली म्हणून सगळा मराठवाडा त्यांना राजेसाहेब म्हणतो. राज्य गेलं तरी लोकांच्या कमरेची वाकायची सवय गेली नव्हती, ती यांच्या कामी आली. पण हल्ली एक भानगड झाली होती. दरबारात सिंहासनावर बसले, की राजेसाहेबांचा डावा हात मांडीवर थरथरायला लागायचा. लढाईत हात ठीक, दरबारात थरथर. पब्लिकनं तर्क लढवला: लढाई मध्यंतराच्या आधी, दरबार मध्यंतराच्या नंतर, म्हणजे मध्यंतरात बाटली. झालं, निकाल लागला! मी त्यावर ‘टाकलेला राजा’ बसवला होता आणि तो सगळीकडं हमखास चालायचा.

तर त्या दिवशी कनातीत दरबाराचा प्रवेश सुरू झाला, हात सुरू झाला, आणि पुढनं कुणीतरी ओरडलं, “राजेसाहेब, पुरी प्या, सांडू नका!” कनात हसली. राजेसाहेब सिंहासनावरून उठले. मुकुट काढून प्रधानाच्या हातात दिला. रंगमंचाच्या काठावर येऊन बसले, पाय खाली सोडले, आणि तो हात गॅसबत्तीच्या उजेडात धरला.

“बघा,” म्हणाले, “लांबून बोलण्यापेक्षा जवळ येऊन बघा. हा हात मी हलवत नाही, आपला आपण हलतो. डॉक्टर याला कंपवात म्हणतात. मी स्वस्थ बसलो की हा सुरू होतो, काही उचलायला गेलो की घडीभर गप्प होतो. दारूचा थेंब मी चाखलेला नाही. लाज वाटली म्हणून हात शेल्याखाली लपवला आणि तुमच्याकडून दारुड्या म्हणवून घेतलं. आता लपवणार नाही. तुमच्या घरात कुणाचा हात असा हलत असेल तर त्याला हसू नका. मोठ्या दवाखान्यात न्या.”

एवढं बोलून मुकुट घातला आणि विचारलं, “प्रधानजी, कुठं होतो आपण?”

टाळ्या अशा पडल्या की कनातीचा एक बांबू निसटला. ‘पुरी प्या’ म्हणणारा सगळ्यात जोरात वाजवत होता.

सकाळी चौकातल्या हॉटेलात गेलो तर सगळी गिऱ्हाइकं टेबलावर हात पसरून बसलेली, जणू गुरुजी छडी घेऊन येणार आहेत. जो तो आपला हात बघतोय, मग शेजाऱ्याचा बघतोय.

“तुमचं बोट हललं, देशमुख.”

“माशी बसली होती हो!”

मालकानं चहा ठेवताना थोडा बशीत सांडला. एकजण गंभीरपणे म्हणाला, “मालक, मोठ्या दवाखान्यात दाखवा.”

“कंपवात न्हाय, कपाचा कान तुटलाय!” मालक खेकसला.

काळा कोट घातलेले एक वकील म्हणाले, “मला पहिल्यापासून शंका होतीच.” मग काल हसताना तुमच्या अक्कलदाढेपर्यंत कसं दिसत होतं, असं मी विचारणार होतो. पण वकिलाशी बोलायला फी पडते म्हणतात. दुपारपर्यंत बाजारात एक तेलवाला ‘राजेसाहेब तेल’ विकत बसला. गेल्या बाजाराला हीच बाटली टक्कलावर होती.

मी काय मागं राहतो? ‘टाकलेला राजा’ तिथल्या तिथं मोडला आणि नवी नक्कल उभी केली: मुकुट काढणं, काठावर बसणं, हात उजेडात धरणं, ‘बघा’ म्हणणं. हॉटेलातच पहिला प्रयोग केला. लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. काल याच हातावर मी हसवत होतो, आज रडवलं, आणि वडे दोन्ही वेळेला फुकटच मिळाले.

वडे खाताना एक दाढीवाले गृहस्थ जवळ आले. अंगात स्वच्छ नेहरू शर्ट, डोक्यावर टोपी. महबूबचाचा, बेंबळीचे शेतकरी.

“बेटा, आमच्या गावात करशील का हे? आमचे लोक कवा बघणार राजेसाहेबाला? तूच दाखव.”

बेंबळी

बेंबळीचा रस्ता म्हणजे काळं रान आणि त्यात मधूनच एखादं बाभळीचं झाड, चुकून आल्यासारखं. दिवाळी तोंडावर आली होती. ज्वारी कोवळी होती, वारा सुटला की सगळं शिवार एका बाजूला मान टाकायचं.

आमच्या परंड्यात पाहुण्याला “जेवता का?” असं विचारतात आणि तो “नको” म्हणाला की बरं वाटतं. बेंबळीत विचारतच नाहीत, हातावर पाणी घालतात. चाचांच्या घरी बोकडाचा लाल रस्सा आणि ज्वारीची भाकर होती. रस्सा असा की नाक, डोळे आणि कान तिन्हीकडून दाद द्यावी लागते. चाचांचा मुलगा सलीम वाढत होता. माझ्याच वयाचा, पण चेहरा असा की घरात कुणी गेलंय.

संध्याकाळी शाळेपुढं खेळ झाला. लोकांनी ऐकलं, हळहळले, टाळ्या दिल्या. ‘मोठ्या दवाखान्यात न्या’ हे वाक्य मी धाराशिवलाच गाळून टाकलं होतं, कारण त्या वाक्याला टाळी पडत नाही. ‘दारूचा थेंब चाखलेला नाही’वर थांबलं की टाळी कशी भरून येते!

टाळ्या संपल्या तर गर्दीतून एकजण झुलत उठला. गावातला नामांकित पिणारा, गणपा. त्यानं हात वर धरला. हात थरथरत होता, त्याच्याबरोबर गणपाही.

“मंडळी, मलाबी त्योच रोग हाय. राजेसाहेबाचा. आजपर्यंत म्या लाजंनं लपवला.”

गणपाची बायको बायकांतून उभी राहिली. “सकाळपर्यंत हातभट्टी हुती, आता कंपवात झाली व्हय? चल घरी, तुझा वात काढते!”

गाव लोळलं. पण काही शहाण्यांनी गणपाकडं आदरानं बघितलं, हे मी डोळ्यांनी पाहिलं. एका म्हाताऱ्यानं त्याला बसायला आपलं घोंगडं दिलं.

हसले नाहीत ते महबूबचाचा. घरी आल्यावर बाजेवर बसून म्हणाले, “बेटा, पिणाऱ्याची थट्टा मला गोड लागत न्हाय. उद्या मी तेरखेड्याला जातोय. सलीमची मंगनी मोडायला.”

हकीकत अशी. तेरखेडा म्हणजे फटाक्यांचं गाव. तिथले इब्राहिम उस्ताद शोभेच्या दारूकामातले नावाजलेले कारागीर. त्यांच्या मुलीशी, शहनाजशी, सलीमची मंगनी ठरली. चाचांच्या घराण्याचा रिवाज असा, की मंगनीला मुलीच्या बापानं स्वतःच्या हातानं समध्याला, म्हणजे व्याह्याला, शरबत द्यायचं, दुसऱ्या कुणी नाही. उस्तादांनी आधी “मेरा साला देगा” म्हणून टाळलं. बेंबळीकरांनी भुवया चढवल्या. मग उस्तादांनी पेला उचलला, आणि अर्धं शरबत चाचांच्या शेरवानीवर!

“चुकून सांडलं असंल,” मी म्हणलं.

“मी बी तसंच समजलो. पण नंतर कानावर आलं, उस्ताद आता बारूदच्या छपरात पाय ठेवत न्हाय, बाहेरच बसून असतो. कायकू? लोक बोलतात, पिऊन येतो, म्हणून आत घेत न्हायत. शाळेपुढचा गणपा बघितलास ना? हात तसाच. नक्को रे बाबा. दारूकामाचा समधी चालंल, दारूचा नक्को.”

सलीम दाराआड उभा होता. मी पाणी प्यायला आत गेलो तर त्यानं माझा दंड धरला. “तोंड लई चालतं ना तुझं?”

“चालतं की.”

“मग अब्बांबरोबर जा आणि तिथं चालव. मंगनी मोडली तर त्या पोरीला जिल्ह्यात कुणी करून घेणार न्हाय. पिणाऱ्याची पोरगी म्हणून नाव होईल तिचं. आणि मला दुसरी नको.”

मला तसंही फटाके बघायचेच होते.

तेरखेडा

यष्टी येरमाळ्यावरून जाते. तिथं खव्याचे पेढे घेतले. चाचांनी हात लावला नाही. “मोडायला जाताना गोड खात न्हायत,” म्हणाले. मी खाल्ले, मी काही मोडायला चाललो नव्हतो.

गाडीत राजेसाहेब आमच्या आधीच चढलेले होते. एक बाई सांगत होती, त्यांच्या हातावर वीज पडली. एक फेटेवाले म्हणाले, “वीज न्हाय, करणी. दुसऱ्या नाटक कंपनीनं केली.” तिसऱ्यानं सांगितलं, नाटक बघायला जो पुढच्या रांगेत बसला त्यालाही लागण झाली. मी पुढच्याच रांगेत होतो हे मी सांगितलं नाही. माझ्या शेजारची सीट रिकामी झाली असती, हे खरं, पण चाचा उठून गेले असते.

तेरखेड्यात उतरलो. घराघरापुढं कागदाच्या नळ्या वाळत घातलेल्या, अंगणात पोरीबाळी सुतळी गुंडाळत बसलेल्या. हवेत गंधकाचा वास. बघून जीव खूश झाला आणि खुशीत मी सवयीनं विडी तोंडात धरून काडी ओढली.

पुढचं नीट आठवत नाही. “विडी! विडी!” असा गलका झाला, चौघंजण धावले, आणि एका धिप्पाड बाईनं पाण्याची बादली माझ्या डोक्यावर रिकामी केली. तीही थंडगार, रांजणातली.

“कुठला गं हा येडा?”

“परंड्याचा,” मी दात वाजवत म्हणलं.

“तरीच!”

आमच्या परंड्यात पाहुण्याला गुळपाणी देतात. तेरखेड्यात नुसतंच पाणी देतात, पण भरपूर.

असा मी निथळत आणि कुडकुडत उस्तादांच्या ओसरीवर पोचलो. उस्ताद पन्नाशीचे, सडसडीत. चेहरा गंभीर, हसू येतच नाही असा. उजवा हात मांडीखाली दाबून बसले होते. दाराच्या पडद्याआड बांगड्या वाजल्या म्हणजे उस्तादांच्या घरच्या, खाला, आणि शहनाज तिथंच होत्या. चाचा येणार म्हणजे कशाला येणार, हे घराला माहीत असावं. खालांनी चहाची किटली बाहेर ठेवली, तेव्हा पडद्याबाहेर त्यांचे डोळे दिसले. रडलेले होते.

चाचा ताठ बसले. “उस्ताद, बोलायचं ते नंतर बोलू. आधी चाय. तुमच्या हातानं. साल्याला बोलवू नका.”

उस्तादांनी मांडीखालून हात काढला आणि गुडघ्यावर ठेवला. हात सुरू झाला. अंगठा बोटांवर फिरत होता, तसबीचे मणी ओढावेत तसा, पण तसबी नव्हती. चाचांनी माझ्याकडं बघितलं, ‘बघ, म्हटलं नव्हतं?’ असं.

मग उस्तादांनी तो हात किटलीकडं नेला. आणि हात थांबला! घडीभरच, पण अगदी गप्प. किटली उचलली, कपाजवळ नेली, तेव्हा पुन्हा सुरू झाला.

आता, मी नकला कशावर करतो? लोक तोंडं बघतात, मी हात बघतो. पिणाऱ्याचा हात मी शंभर वेळा केलाय. तो मांडीवर पडून असतो मेल्यासारखा, आणि पेल्याकडं निघाला की कापायला लागतो. हा उलटा होता. हा हात धाराशिवला गॅसबत्तीखाली मी बघून आलो होतो.

“चाचा!” मी ओरडलोच, “हा गणपाचा न्हाय! हा राजेसाहेबांचा हात हाय!”

“काय बडबडतो? आणि तू कायकू कापतोस? तुलाबी लागला काय?”

“मला बादली लागली. हे बघा, हा थंडीचा हात.” मी माझा कुडकुडता हात पुढं केला. “सगळं अंग हलतं, दातासकट. आता हा गणपाचा.” हात मांडीवर मेलेला टाकला, मग कपाकडं नेला, वाटेत थरथरवला, चहा बशीत सांडला. बाहेर जमलेली माणसं हसली. “आणि आता राजेसाहेबांचा.” मी ओसरीच्या काठावर पाय सोडून बसलो, मुकुट काढला, हात गुडघ्यावर ठेवला, सुरू केला, अंगठा बोटांवर फिरवला, कप उचलला तसा थांबवला. आणि भाषण म्हटलं, ‘दारूचा थेंब चाखलेला नाही’पर्यंत.

कुणी हसलं नाही. उस्ताद माझ्या हाताकडं बघत होते, आणि त्यांचा हात आणि माझा हात एका चालीनं हलत होते.

“फिर से कर,” ते म्हणाले.

मी पुन्हा केलं.

“ऐसाच है,” ते हळू म्हणाले. “साल हुआ. मैं समझा, खुदा ने कुछ सज़ा दी. घर में बी नहीं बोला. कापता हात आणि बारूद, एका छपराखाली कसे ठेवू? म्हणून मीच बाहेर बसतो, बाबा. मला कुणी काढलं न्हाय.”

पडद्याआडून आवाज आला, शहनाजचा. “अब्बा, बोलना था ना. मैं समझी, आप मुझ पे नाराज़ हैं। मेरे हात से चाय का कप भी नहीं लेते थे।”

एवढ्यात बाहेर गडबड झाली. मला न्हाऊ घालणारी ती बाई आपल्या पोराला मागं ओढत होती. “लांब हो रं! त्या नाटकवाल्याचा रोग हाय. बघितल्यानं लागतो म्हणं!”

“बघितल्यानं लागत असता तर मी कवाच गेलो असतो,” मी म्हणलं. “मी तर रोज दोन-दोन खेळ करतो.” ती विचारात पडली, पण पोराचे डोळे मात्र पदरानं झाकूनच ठेवले.

चाचा दाढीवरून हात फिरवत होते. मला वाटलं, जिंकलो. मग त्यांनी विचारलं, “मला एक सांग. राजेसाहेबाला पोरी हायत?”

राजेसाहेबांना पोरी आहेत का मुलगे, मला काय माहीत? मला त्यांचा हात माहीत होता. पण पडद्यामागं बांगड्या एकदम गप्प झाल्या.

“तीन,” मी म्हणलं.

“लग्नं झाली?”

“सगळ्यांची. मोठमोठ्या घरात. एक तर पुण्याला दिली.”

“ह्या हातासकट?”

“ह्या हातासकट. व्याही मिरवतात म्हणे.”

चाचांची मान हळूहळू ताठ झाली, पण आता वेगळ्या कारणानं. जे रोगाची माहिती ऐकून पटलं नव्हतं, ते पुण्याच्या व्याह्यानं क्षणात पटवलं. (नंतर मला कळलं, राजेसाहेबांनी लग्नच केलेलं नाही. पण तोवर बेंबळीत सगळीकडं त्या तिघी जणी सुखानं नांदत होत्या.)

“उस्ताद,” चाचा म्हणाले, “लोक आता तुमचं नाव राजेसाहेबाबरोबर घेतील.”

उस्तादांनी हात वर केला. “मेरा हात है, समधीजी. किसी राजा-महाराजा का नहीं.” मग माझ्याकडं वळले. “ते बोलले ना सगळं? मग हेही बोलले असतील. दवा है क्या इसकी?”

गेल्या तीन दिवसांत किती जणांनी मला काय काय विचारलं होतं! राजेसाहेब जेवतात काय, पगार किती, मुकुट खऱ्या सोन्याचा का. हे कुणी विचारलं नव्हतं.

“मोठ्या दवाखान्यात दाखवा, म्हणाले.”

“ते तू करून दाखवलं न्हाय.”

“तिथं टाळी पडत न्हाय, उस्ताद.”

उस्ताद पहिल्यांदा हसले. “यहाँ पड़ती.” आणि खरंच त्यांनी दोन्ही हातांनी टाळी दिली. उजवा जरा जास्त वेळ देत राहिला.

सोलापूरच्या दवाखान्यात उस्तादांना न्यायचं ठरलं. कुणी न्यायचं? सलीमनं. चाचांनी स्वतः सांगितलं. मग उस्तादांनी चहा ओतला. सांडला. चाचांनी कप बाजूला सारून खालची बशी उचलली आणि किटलीखाली धरली.

“सांडू द्या, समधी. बशी मोठी हाय.”

दुपारी खिचडी आणि खट्टा जेवलो. चिंचेचं ते आंबट पाणी खिचडीवर घेतलं की ताट संपतं, भूक संपत नाही. माझे कपडे अंगणात फटाक्यांच्या नळ्यांशेजारी वाळत होते. मी उस्तादांच्या लुंगीत बसलो होतो आणि विडी ओढायची इच्छा मेली होती.

परतीच्या यष्टीत चाचांनी येरमाळ्याला स्वतः उतरून पेढे घेतले आणि सगळ्या गाडीला वाटले. समोरच्या बाकावर एक पागोटेवाले आजोबा होते. त्यांनी पेढा तोंडात टाकत विचारलं, “कशाचे म्हणायचे?”

“मुलाची मंगनी पक्की झाली. तेरखेड्याचे समधी आमचे. नाव ऐकलं असंल, इब्राहिम उस्ताद. राजेसाहेब माहीत हायत ना, नाटकातले? त्यांना जो आजार हाय, तोच आमच्या समध्याला.”

“काय सांगता!” आजोबांनी दुसरा पेढा घेतला. “एवढ्या मोठ्या माणसाचा?”

“एवढ्या मोठ्या माणसाचा.” चाचा सीटवर जरा पुढं सरकले. “आणि खरं बोलू का? राजेसाहेबाचा एकच हात हलतो. आमच्या समध्याचे दोन्ही!”

मी तोंड उघडलं. चाचांनी माझ्या मांडीला असा चिमटा काढला, की त्या चिमट्याचीही नक्कल मी आता करतो.